मधलं ठिगळ

शाहूपुरीतल्या दुकानात टांगलेला फोमचा ठोकळा
मी बोटानं दाबून बघितला.
बोट आत गेलं, भाईर आलं, खूण राहिली न्हाई.
"आठ हजार," पोरगा म्हणाला,
"पण दोन वर्सं बघायला नको."
आठ हजार म्हंजे
मार्केट यार्डात सोळाशे पोती,
फाटकी, शिवून,
पाच रुपयाला एक.

दिलशाद काय बोलली न्हाई.
केएमटीत बसल्यावर म्हणाली,
"अम्मी, सर म्हणत्यात, गवत बी चालतंय."

तवा पयलं गवत.
गगनबावड्याकडचं भाताचं पिंजर,
तीन पेंढ्या दाबून सुतळीनं आवळल्या,
परड्यात भितीला टेकवल्या.
चौथा बाण आरपार गेला, कुंपणातनं बी गेला,
आन् मगदूम काकूंच्या निळ्या बॅरलमधनं
पाण्याची धार सरळ भाईर.
काकू वरडल्या न्हाईत.
भोकात अंगठा घालून म्हणाल्या,
"एमसील आण जा आदी."

मग फ्रिजच्या खोक्यांचे पुठ्ठे,
उद्यमनगरातल्या बोल्टांनी कसलेले.
त्यांना बाण इतका आवडला
की सोडंनात.
आम्ही दोघींनी पाय लावून वडलं
तर टोक आत, काडी हातात.
आन् टाकी भरून वाहिली त्या राती
पुठ्ठ्याची खीर झाली.

मालक म्हणाले, टायर लाव, फळी लाव,
टणक पायजे, टणक.

मी वीस वर्सं बारदान शिवतो.
प्लॅस्टिकचं पोतं दिसायला चकचकीत,
एकदा उसवलं की सरासरा जातंय.
तागाचं पोतं दाभणाला वाट देतंय.
दाभण गेलं की दोरं हळूच
परत एकमेकाजवळ सरकत्यात,
काय झालंच न्हाई असं.
दुकानात बोटानं मी तेच शोधत हुतो.

इचलकरंजीला आवटींच्या गाळ्यात
कतरणीच्या चिंध्या किलोवर.
चाळीस किलो घेतल्या, सोळा रुपयानं.
कंडक्टरनं गठ्ठ्याचं अर्धं तिकीट फाडलं
आन् त्यावरच बसून आला.

चिंध्यांत बटणं असत्यात. हुक. चेनचं टोक.
तीन राती हातानं चाचपून काढली,
डाळीतलं खडं काढावं तशी.
एक बटण ऱ्हायलं की एक बाण गेला,
साडेचारशेचा.
डबा भरून बटणं निघाली,
दोन सारखी न्हाईत.

दिलशाद पोत्यात उतरून चिंध्या तुडवत हुती,
मी वरनं टाकत हुतो.
तागाची दोन पोती, एकात एक,
सुतळी दुहेरी, दाभण माझं.
सगळं मिळून नऊशे दहा,
एमसील धरून.

पयल्या महिन्यात भोकं सगळ्या पोत्यावर,
देवीच्या वणासारखी.
मी कडंकडंनं ठिगळं लावत गेलो.
मग ठिगळं आत सरकाय लागली.
ईदेला ताटाएवढ्यात आली,
थंडीत वाटीएवढ्यात.
आता एकच भोक, मधोमध, बांगडीएवढं,
रोज सांजचं शिवतो,
रोज सकाळी उघडं.

हितं माझा हिशोब चुकला.
पोतं टिकायचं आसंल तर नेम चुकाय पायजे,
हे दुकानात कुणी सांगितलं न्हाई.
फोमचा ठोकळा बी असाच गेला आसता,
मधनं.

काल मी कागद काढला
आन् वरच्या डाव्या कोपऱ्यात डकवला.
"अम्मी, तिथं कोण मारतंय?"
"तू मार. मधल्याला जरा बसू दे."
ती हसली. मागं मागं जात
जांभळापतोर गेली, पाय रोवलं.
कुंपणापल्याड मगदूम काकूंनी
बॅरल आत वडून घेतलं, बोलता बोलता,
सवयीनं.

मी दाभणात सुतळी ओवली
आन् पायरीवर बसलो.