मधातलं

बी.ए. दुसरं वर्ष, पेपर चौथा, स्थानिक कला.
मी तासिका तत्त्वावर, म्हणजे घड्याळी माणूस,
अठ्ठेचाळीस मिनिटांत बसेल तेवढंच माझं.
प्राचार्यांकडून फॉर्म आलाय. त्यात एक चौकोन:
व्याख्यानाचा विषय. थोडक्यात लिहा.

बँड ठरलेलाच आहे.
आर्णीपासून पुसदपर्यंत कोणालाही विचारा,
खंडाऱ्यांच्या बँडची तारीख मिळाली
की मगच लोक मंगल कार्यालय धरतात.

प्रसिद्धी, असं लिहिलं. खोडलं.
प्रसिद्ध आहे ते लाल कोटावरचं नाव.
कोटातल्या माणसाचं नाव
मला तरी कुठं येत होतं?

मग इतिहास घेऊ म्हटलं.
रविवारी लहानू मास्तरांच्या ओसरीवर गेलो.
त्यांनी खाटेखालून फडक्यात बांधलेलं क्लॅरिनेट काढलं.
"माह्या बुढ्यानं तीन बकऱ्या इकून नागपूरहून आणलं हे.
त्याच्या आंधी आमी हलगी वाजवो.
मानूस मेला तरी, ढोर मेलं तरी.
यानं आमाले वरातीच्या पुढं उभं केलं.
पंगतीत नाही बरं. वरातीच्या पुढं."
हा विषय होता.
इतका होता, की अठ्ठेचाळीस मिनिटांना
त्याच्यासमोर बसायची लाज वाटली.
आणि वर्गात दोन पोरं अशी,
ज्यांच्या मांडवातून ती पंगत उठली होती.
मी भ्यालो का? थोडा.

देवतळे मॅडम म्हणाल्या,
इंग्लंडच्या एखाद्या बँडशी तुलना करा ना,
नॅकला बरं दिसतं.

रात्री हजेरीपट घेऊन बसलो.
क्रमांक एकोणतीस, नितेश खंडारे, दाराजवळचा बाक.
त्याचे गैरहजेरीचे दिवस
आणि भिंतीवरच्या कालनिर्णयातल्या लग्नतिथी
एकावर एक ठेवल्या.
एकही दिवस इकडचा तिकडे नव्हता.
याच दिवसांचे मी त्याचे चार गुण कापलेत.

"काय वाजवतो तू?"
"साइड ड्रम, सर."
"मग सांग, मी कशावर बोलू?"
त्यानं बाकाच्या काठावर बोटं फिरवली.
"गान्यावर तं सारेच बोलतेत.
तुमी मधातल्यावर बोला."
"म्हणजे?"
"एक गानं सरलं, दुसरं लागाचं रायते,
त्याच्या मधात."

तेव्हा ट्रम्पेटवाला पितळेतली थुंकी झटकतो.
मोठ्या भोंग्याचा माणूस सुजलेला ओठ बाहीला पुसतो.
दिवेवाल्या बाया हात बदलतात, मान बदलता येत नाही.
मास्तर पाठीमागे बोटं दाखवतो,
तीन म्हणजे नाचायचं, एक म्हणजे नवरीकडचं दार आलं.
नाचणारे पाणी मागतात, कोणाची तरी चप्पल शोधतात,
आणि घोड्यावरचा नवरदेव
पहिल्यांदाच एकटा दिसतो.
"लोकायले वाटते बँड थांबला.
थांबत नाही, सर. एकटा मी चालू रायतो.
मी थांबलो तं वरात रस्त्यात बसते."

चौकोनात लिहिलं: मधातलं.
बाबूंनी चष्मा वर केला,
"मधमाशीचं का सर?"
नाही म्हटलं. पण थोडा वेळ तेही आवडलं.

व्याख्यान बुधवारी सव्वाअकराला लागलं.
कालनिर्णय पाहिलं. बुधवारी तीथ आहे,
बँड दिग्रसला, पहाटेच निघणार.
मी अर्ज केला, शुक्रवार मिळावा.
कारण: विषय बुधवारी गैरहजर आहे.
प्राचार्यांनी त्यावर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंय,
नकार अजून दिलेला नाही.

तोवर स्टाफरूमच्या टेबलावर
दोन बोटांनी रस्ता धरून बघतो.
चौथ्या ठोक्याला सुटतो.
पुन्हा धरतो.