चक्केर

नरसव्वा क्यातमच्या केसपेपरवर
माझ्याच अक्षरात दोन वर्षं लिहिलेलं आहे :
चक्कर. चक्कर. पुन्हा चक्कर.
आणि पुढं दर वेळी तीच पिवळी गोळी,
दिवसातून दोनदा, जेवणानंतर.

ती सांगत होती चक्केर.
तेलुगूत साखरेला म्हणतात.
माझा कान बार्शीचा,
त्यानं एक मात्रा गाळली.

तोवर तिच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला.
मांडीवर सूप, समोर पाय पसरलेले, बारा-बारा तास विड्या,
फरशी तापली की गारठली
हे तळव्यांनी सांगणं कधीच सोडलं होतं.
अंगठा सिव्हिलमध्ये गेला.
मी तेव्हा माझ्या खुर्चीत होतो,
कुणाला तरी सांगत होतो, भात सोडा.

हे सगळं मला ऐकवलं शकुंतला येमूलनं.
विडी घरकुलातल्या बचत गटाची.
शेवटचा पेशंट जाईपर्यंत दाराशी उभी राहिली,
मग म्हणाली,
सार, तुमच्याकडं यायचं म्हणजे
तीनशे विड्यांचा वेळ जातो आमचा.
तुम्ही बोलता दोन मिनिटं.
भात सोडा म्हणता,
भाताच्या जागी काय, ते लिवा की कागदावर.

कागद समोरच होता.
पेनात शाईही होती.

आता टेबल कारखान्याच्या दाराशी असतं,
सकाळी सातला, उपाशीपोटी,
बायका टोपल्या घेऊन रांगेत असतात तेव्हा.
आत चेकर कच्च्या विड्या छाटून फेकतो.
मीही छाटत आलो इतकी वर्षं,
'पथ्य पाळत नाही' असा शेरा मारून.

पहिल्या दिवशी सवयीनं तर्जनी धरली.
हे नको सार, यानं तोंड दाबते विडीचं.
मधलं?
त्यानं पान वळतं.
अंगठा तर मागूच नका.
शेवटी डाव्या हाताची करंगळी पुढं आली,
ही मोकळी आहे, हिच्यात काय निघतंय बघा.
सुई दोनदा मारावी लागली.
तंबाखूचा वास माझ्या हातमोज्यांना
दुपारपर्यंत.

शास्त्री नगरची शमशाद नदाफ आली रमजानच्या आधी.
मशिदीनं छापलेलं सहर-इफ्तारचं वेळापत्रक घेऊन,
त्याच्या पाठीवर तिच्या बायकांनी
गोळ्यांच्या वेळा आधीच मांडलेल्या.
हाफिजजींना दाखवून झालंय, म्हणाली,
तुम्ही फक्त चुकलेलं खोडा.
दोन ठिकाणी खोडलं. एका बाईला रोजाच नको म्हणालो.
त्यावर भांडली, मग स्वतःच
तिच्या घरी समजवायला गेली.

सगळं सुरळीत आहे असं नाही.
वीस तारखेला पट्ट्या संपतात.
मालकानं दोनदा टेबल हलवायला लावलं.
तेलुगूतला तक्ता मी उलटा चिकटवला
तर आठवडाभर कुणी सांगितलं नाही,
मला वाईट वाटेल म्हणून.
आणि गड्ड्याच्या जत्रेत
पाव किलो जिलबी खाल्ल्याचं
नरसव्वानं आपणहून सांगितलं,
आकडा येण्याआधीच,
पोरीसारखं खाली बघत.

काल तिनं मशीन हातात घेतलं.
ती आता गटाची. दहा जणींचं तीच बघते.
एक पाय जरा फेंगडा टाकत आली,
म्हणाली, आज तुमचं.
मी नुकताच चहा प्यायलो होतो, साखरेचा.
तरी पुढं केला हात.

तिनं विचारलं,
कुठल्या बोटातून घेऊ सार?
कशानं लिहिता तुम्ही?

मला पटकन सांगता येईना.
मशीन उलटं मोजत होतं
आणि ती त्याच्यासोबत, पुटपुटत,
अयिदू, नालुगू, मूडू, रेंडू