बेबी ऑफ चारुता

पेढे संपले, माणसं पांगली.
सासूबाई खुर्चीत मान टाकून झोपल्यात,
मांडीवर अळिवाच्या खिरीचा रिकामा डबा.
ऐरोलीची तिसरी रात्र.
समोरच्या काचेच्या इमारतीत कुणीतरी अजून कामावर,
आणि ओहोटीच्या खाडीचा तो उग्र वास
जो नऊ महिने मला सोसवला नव्हता.
आता काहीच वाटत नाही.

काहीच वाटत नाही, हेच तर.
पाळण्यात ती. मनगटावर गुलाबी पट्टी:
बेबी ऑफ चारुता.
मी वाचत राहते,
शेजारणीचं कुरिअर चुकून आपल्याकडे यावं
आणि सही आपण करून बसावं, तसं.

दुपारी डोळे भरले तेव्हा आत्या म्हणाल्या,
बाळंतिणीनं रडू नये गं, दूध आटतं.
मग रडूही ठेवलं घडी घालून
दुपट्यांच्या खाली.

अडीचला केणी सिस्टर आल्या.
ताप पाहिला, टाके पाहिले,
किती वेळा प्यायली, किती दुपटी ओली,
तक्त्यात भरलं.
पेन खिशाला लावलं
आणि गेल्या नाहीत.
स्टूल ओढलं. ड्युटीवरची मराठी बाजूला ठेवून
दिवागावच्या बोलीत विचारलं,
"काय झाला गो बाय?"

मी म्हटलं, मला ही आवडत नाहीये.
म्हणजे, तसं नाही.
म्हणजे तसंच.

वाटलं, आता काहीतरी शहाणं बोलतील,
आईच्या काळजाबद्दल वगैरे.
"रड," म्हणाल्या. "दूध नाही आटत.
सत्तावीस वर्षं बघतेय."
आणि माझ्या पोटावर उशी दाबून धरली,
कारण रडतानाही टाके ओढतात
हे त्यांना ठाऊक होतं.

मग मुलीला उचललं. सासूबाईंना हलवलं,
"आजी, तुम्ही माझ्याबरोबर. हिला झोपू दे."

घरी सोडताना लसीच्या कार्डामागे नंबर लिहिला.
"पंधरवड्यानंतरही असंच राहिलं
तर ते नाटक नाही, समजलं?
डॉक्टरीणबाईंकडे मी नेईन."

सतरावा दिवस. घणसोली, सातवा मजला.
बारसं झालं, घुगऱ्या वाटून झाल्या,
खोलीत ओव्याची धुरी.
बाथरूमचा नळ सोडून मी फोन लावला.
पलीकडे ट्रॉलीचं चाक, कुणाचं तरी तान्हं.
"मी... ते... बेबी ऑफ..."

"चारुता," त्या म्हणाल्या.
"थांब, दार लावते. हं, बोल."