उसनी भिंत

गंगावेशीत, दूध कट्ट्यावर पोरं भांडत होती:
देशाचा सगळ्यात मोठा पुढारी कोण.
म्हशीची धार थेट ग्लासात, फेस चढत होता,
आवाजही.
"इलाहीचाचा, तुम्ही तर सगळ्यांची तोंडं रंगवलीसा, तुम्हीच सांगा."

रंगवली, बाबांनो. चौरस फुटाच्या भावानं.
नाकं सरळ केली, टकलावर केस पेरले,
गालावरचे देवीचे वण मिटवले
(त्याचे पैसे वेगळे).
उंचीचं म्हणाल तर ती शिडीवर ठरते.

मला आठवतो खासदारकीला पडलेला एक मास्तर.
नाव सांगून उपयोग नाही.
निकालाच्या दुसऱ्या दिवशी सायकलवरून आला,
आधी माझी उधारी भागवली, एकशे चाळीस रुपये,
मग म्हणाला, चुना हाय काय?

शुक्रवार पेठेत हौसाक्कांची भिंत.
दारात चप्पल काढून म्हणाला,
"आक्का, महिनाभर तुमची भिंत वापरली."
आणि स्वतःचं नाव स्वतःच पुसायला लागला.
वरच्या वेलांटीला हात पुरेना.
शिडी मी धरली.
"ऱ्हाऊ दे की रं," म्हातारी म्हणाली, "अक्षर बरं हाय."
"अक्षर ह्यांचं, आक्का. भिंत तुमची."

दिल्लीतली भिंत लई मोठी असते म्हणतात.
तिथनं उतरताना
कुणाच्या हातात चुन्याची बादली असते,
मी तेवढंच बघतो.

पोरं काही गप्प झाली नाहीत.
एकजण म्हणाला, "पण चाचा, त्यो तर हरला हुता."

हरला होता खरा.
मी मिशीवरचा फेस पुसला.