बेचाळीस टक्के

चौथ्या मजल्यावर आम्ही चौघी, सॉकेट एक.
रात्री बारानंतर डेटा स्वस्त होतो, म्हणून
ब्लँकेटांच्या आत चार निळे चेहरे
एकदमच कुजबुजतात.
कोणी विमानतळावर हरवलीय,
कोणी हॉटेलात सूप परत पाठवतेय.
ओदगेरेल तर झोपेतही म्हणते, मे आय.

माझं अडतं फ-शी.
आमच्याकडे तो ओठ मिटूनच येतो:
कोपी, पिल्म, पेब्रुवारी.
फोन म्हणतो, वरचे दात खालच्या ओठावर टेकव,
नुसती फुंकर घाल.
घालते. लाल.
पुन्हा घालते. लाल.

मग घोड्याचं चित्र आलं, रंग विचारला.
बाबा टेकडीवरूनच सांगतात: झेर्द, हेर, हुरेन.
नुसत्या रंगावरून कळपातला एकेक.
फोनला एकच उत्तर हवं होतं, ब्राउन.
दिलं. दहा गुण मिळाले,
कोणाचे तरी कापून घेतल्यासारखे.

सकाळी उलानबातरमध्ये उणे अठ्ठावीस.
कोळशाच्या धुरात बसथांबा अर्धाच दिसत होता.
आजचा धडा: जे घडलं नाही त्याबद्दल बोला.
इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.
पहिलाच शब्द फ-वर संपतो.
तो धड येण्याआधीच,
बेचाळीस टक्के बाकी असताना,
फोन हातात गारठून मेला.

काखेत धरला. वाक्य काही थांबेना.
वाफेलाच ऐकवत राहिले;
वाफ लाल होत नाही.
मला कळलं असतं, तर मी आले असते.
त्या फेब्रुवारीत माझी परीक्षा होती,
बाबांनी कळवलंच नाही.
झेर्द बर्फात उभ्यानंच गेला.
वसंतात सांगितलं, तेही
दुसरंच काही बोलता बोलता.

शेजारच्या म्हातारीनं मटणाची गोणी खाली ठेवली.
कोणाला शिव्या देतेस गं?
शिव्या नाहीत, इंग्रजी आहे.
म्हणजे काय म्हणतेस?
आमच्या भाषेत सांगितलं.
ती जरा वेळ धुराकडे बघत राहिली.
बरोबर आहे, म्हणाली,
जणू तीच तपासणार होती.

बसमध्ये फोन जिवंत झाला:
धडा अर्धवट. पहिल्यापासून सुरू करायचा?
मी बाबांना लावला.
रेंज नाही. डोंगराआड असतील.

काचेवर आतून बर्फ धरला होता.
दात ओठावर टेकवून
फुंकर घातली.
बोटाएवढं भोक पडलं,
त्यातून रस्ता दिसला,
एक कुत्रा, आणि पुन्हा
मिटायला लागलं.