कार्तिकात आंबा

कलमांना अजून मोहोराची आठवणही नव्हती
आणि माझ्या घरात आंब्याचा वास आला.

पावसच्या कॅनिंगमध्ये अकरा हंगाम काढलेत मी.
एप्रिल-मेत माझ्या हातांचा वास
जेवताना भाताला लागतो, निजताना उशीला.
खरा आंबा आधी देठाशी उग्र असतो, चिकाचा,
मग सावकाश गोडाकडे येतो.
हा पहिल्यापासून नुसता गोड.
तेव्हाच कळलं, हा झाडावरचा नाही.

तन्मेशच्या कंपासपेटीत
कर्कटकाच्या शेजारी निजलेली
हिरवी-पिवळी कांडी.
मला वाटलं पेनड्राइव्ह.
मग टोकाला ओठ लावायची जागा दिसली
आणि मी आहे तिथेच खाली बसले.

खरं सांगते, हात शिवशिवला.
मग शाळा आठवली, जाऊबाई आठवल्या,
कुणाकुणाला कळेल त्याची यादी झाली,
आणि पोरगा त्या यादीत शेवटी आला.
त्याची लाज अजून वाटते.

कांडी तांदळाच्या डब्यात खुपसली.
तीन दिवस तो काही शोधत नव्हता
आणि मला काही सापडलं नव्हतं.
तोच तांदूळ शिजत होता.

चौथ्या दिवशी पूर्णगडला होडी लागली.
दिगंबर आला, अंगाला डिझेल आणि बांगडा.
कांडी पाहिली, हात कमरेच्या पट्ट्याकडे गेला.
म्हटलं, पट्टा राहू दे. आधी खिसा रिकामा कर.
पुडी. चुन्याची डबी.
कांडीशेजारी ओट्यावर मांडली मी दोन्ही.
"ही गोष्ट वेगळी," तो म्हणाला.
कुणीच काही बोललं नाही,
म्हणून ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

तन्मेश दारात. "यात धूर नसतो. वाफ असते."
मी बाही वर केली.
बॉयलरची जुनी खूण, मनगटापासून कोपरापर्यंत.
वाफ मला नको शिकवू, बाळा.
तो हसला नाही. मीही हसवायला बोलले नव्हते.

मग दिगंबर स्टुलावर बसला आणि म्हणाला,
"मलाही सोडायचीय. जमत नाही.
जाळं ओढून झालं की हात आपला आपणच खिशात जातो."
सोळा वर्षांच्या संसारात
हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.
पोराने मान वर केली.
"तुझं कधीपासून?" बापाने विचारलं.
"गणपतीपासून."
"रोज?"
बराच वेळ फक्त फ्रिजचा आवाज.
"रोज."
कोणी दिली, कितीला दिली,
ते आम्ही त्या रात्री विचारलं नाही.
त्या रात्री तिघे जेवलो.

रविवारी ओहोटीला मुळे काढायला खाडीत गेलो.
सातवीत होता तेव्हा बुडी मारायचा
आणि मी काठावरून साठापर्यंत मोजायचे,
पन्नासनंतर माझाच जीव वर यायचा.
या वेळी चौतिसाला वर आला, खोकत.
"बघितलंस ना?" दातांपर्यंत आलं होतं.
गिळलं, खारं पाणी गिळतात तसं.
त्याने डोळ्यांवरचे केस मागे सारले.
"परत मोज," म्हणाला.

आता माघ. मोहोर धरलाय.
मधे दोनदा घसरला.
एकदा स्वतः येऊन सांगितलं,
एकदा मला सापडलं, आणि तेव्हा मी ओरडले,
ओरडायचं नाही असं ठरवलेलं असून.
तालुक्याच्या दवाखान्यात दोघे बापलेक जातात,
एकाच मोटारसायकलवर, एकमेकांशी न बोलता.
दिगंबरच्या खिशात आता बडीशेप असते.
कधी कधी पुडीही असते.
शर्ट धुण्याआधी मी अजून वास घेते,
हे तन्मेशला माहीत आहे.

काल संध्याकाळी सत्तेचाळिसाला वर आला.
मी पन्नास म्हटलं.
पाणी झटकत बघत राहिला माझ्याकडे.
"खोटं नको मोजू, आई."