छाट

अशोक चौकातलं माझं दुकान, शटर निम्मं खाली,
मे महिन्याची दुपार, पंखा नुसता गरम हवा ढवळतोय.
बालामणी येमूल पदराची गाठ सोडतात,
गाठीत फोन, फोनवर तंबाखूची धूळ,
आणि काच अशी, की कुणी तिच्यावर सुपारी फोडलीय.

"सूप उचललं तर खाली ह्योच.
वाजतोय, पण हात लावला की ऐकत न्हाई."

वरचा अर्धा भाग काळा, खाली जांभळी शाई पसरलेली.
नवी काच अठराशेला.
अठराशे म्हणजे किती हजार विड्या
हे माझ्याआधी त्यांच्या बोटांनी मोजलं.
"फोन र्‍हाऊ दे. आतलं पायजे.
सोमवारी कारखान्यात दाखवायचंय."

मी केबल काढली. एक फाटा माउसला, एक संगणकाला.
माउसचा बाण उजेडाच्या पट्टीत दिसायचा,
वर गेला की बुडायचा.
पोहरा सोडावा तसा अंदाजानं सोडत राहिलो.

फोन आकृती मागत होता.
"कसली ठेवलीय, मावशी?"
"सांगाया येत न्हाई. हाताला येतंय."

बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवून
त्यांनी काउंटरवर रेघ ओढली.
मी चष्मा पुसेपर्यंत वाळली.
"परत काढा."
दुसऱ्या वेळी निम्मीच सापडली.
तिसऱ्यांदा रेघ सोडून मी बोटच बघितलं:
वरून खाली, आडवं, एक वळसा,
आणि शेवटी नखाची हलकी टोच,
विडीचं तोंड मिटताना देतात तशी.
कुलपाला ती लागत नव्हती. मी तरी दिली.

फोन थरथरला. आता विचारत असणार,
या संगणकावर भरवसा ठेवायचा का?
प्रश्न अंधारात, 'हो'ची जागाही अंधारात.
शेजारच्या इस्माईलचा तसलाच फोन आणून बाजूला ठेवला,
'हो' कुठं येतं ते बोटांनी मोजलं.
दोन पेरं खाली. थोडं उजवीकडे. टिचकी.

आणि संगणकावर फोन उजाडला,
अख्खा, एक चरा नाही,
मागे मार्कंडेय, वर बॅटरी बावीस टक्के.

फोटोंत नुसती विडी-कार्डाची पानं, रोजचं एक.
हजार दिल्या, नऊशे दहा मांडल्या, नव्वद छाट.
हजार दिल्या, आठशे ऐंशी.
शेजारी त्याच सुपाचा फोटो, विड्या सरळ, दोरा घट्ट.
चौदा महिने.
मधे एकदा नुसता अंगठा, एकदा छताचा पत्रा,
एकदा मांजर. ते चुकून नसावं.

एका कागदावर बारा, असं छापत गेलो.
त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.
"तू हितं हलवतोस, अन् तिकडं हलतंय?"
"हो."
"मुनीमाचं पेन हलंल का असं?"

मी हसलो. त्या नाही.

"किती झाले?"
"एकशे साठ."
कागद पदराखाली घेत त्यांनी दीडशे ठेवले.
"धा छाट," म्हणाल्या,
आणि शटरखालून वाकून उन्हात गेल्या.